५६४ मतं

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी क्रिकेट आठवतं. नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन्स, वाळीत टाकलेली टीम इतक्या वर्षांनी परत खेळायला उतरली ती मॅच. बाबा तिच्याबद्दल अजून रंगून बोलतात. त्यांचा ८० च्या दशकातला, मस्कतला नोकरीला जाताना काढलेला पासपोर्ट आमच्या कपाटात आहे. कुठल्या देशांत चालेल त्या रकान्यात लिहिलंय, दक्षिण आफ्रिका सोडून सगळे देश. भारताने त्या देशाशी व्यापार बंद केला १९४६ साली, म्हणजे आपण स्वतः स्वतंत्र व्हायच्या आधीच. लहानपणी मला वाटायचं की तिथे काही साथीचा रोग वगैरे असेल. एका अर्थी होताच म्हणा.

तर अशा देशातल्या क्लायंटकडे कंपनीने मला तीन महिन्यांसाठी पाठवलं. जोहान्सबर्गला हाऊटन नावाच्या भागात एका गेस्ट हाउसमध्ये राहायची सोय होती. मोठमोठी झाडं, त्याहून मोठे बंगले, आणि प्रत्येक भिंतीवर विजेची तार. संध्याकाळी सहानंतर एकटीने पायी फिरू नका असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, त्यामुळे वीकेंडला करायचं काय हा प्रश्नच होता. हॉलमध्ये पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यात हेलन सुझमन नावाच्या कुणा बाईंचं १९९३ साली निघालेलं आत्मचरित्र सापडलं. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. उघडलं ते एकाच कारणासाठी, पाठीमागे लिहिलं होतं की या बाई हाऊटनमधून ३६ वर्षं खासदार होत्या. म्हटलं, आपल्याच गल्लीतल्या निघाल्या!

तीन वीकेंड त्यातच गेले. परत आल्यावर आणखी बरंच वाचलं, आणि आता तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाईंचा जन्म ७ नोव्हेंबर १९१७ चा, जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टन या खाणकामगारांच्या गावात. माहेरचं आडनाव गॅव्हरॉन्स्की. आईवडील लिथुएनियातून आलेले ज्यू. झारच्या राज्यातल्या छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून हजारो लिथुएनियन ज्यू त्या काळात दक्षिण आफ्रिकेत आले होते, त्यातलेच हे. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. मुलगी शिकली जोगिणींच्या कॉन्व्हेंटमध्ये. एकोणिसाव्या वर्षी डॉ. मोझेस सुझमन यांच्याशी लग्न, दोन मुली, मग विटवॉटर्सरँड विद्यापीठात आर्थिक इतिहासाची लेक्चररशिप. इथपर्यंत सगळं छान चौकटीतलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दक्षिण आफ्रिकेने १९३० साली कोटा कायदा केला. पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांची संख्या अगदी थोडीवर आणणारा. कायद्यात ज्यू हा शब्द नव्हता, पण रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळत होतं. १९३६ मध्ये जर्मनीतून निर्वासित ज्यूंना घेऊन एक जहाज केपटाउनला आलं, तेव्हा त्यांना घेऊ नका म्हणून सरकारकडे धाव घेणाऱ्या प्राध्यापकांमध्ये एक होते हेंड्रिक फेरवूर्ट. हेच पुढे पंतप्रधान झाले आणि अपार्थाइडचे शिल्पकार म्हणून ओळखले गेले. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेले फोर्स्टर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींकडे झुकलेल्या संघटनेत होते म्हणून स्थानबद्धतेत राहून आलेले. म्हणजे बाई पार्लमेंटमध्ये ज्यांच्या समोर बसल्या त्यांच्यापैकी काहींच्या मते मुळात त्यांचं कुटुंब या देशात यायलाच नको होतं. 'परत इस्रायलला जा' अशा आरोळ्या त्यांनी सभागृहात कितीतरी वेळा ऐकल्या. अधूनमधून इस्रायलच्या जागी मॉस्को यायचं, तेवढाच बदल.

पण ज्यू असल्यामुळे त्या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिल्या, असं सोपं समीकरण मला मांडायचं नाही. तिथले बरेचसे ज्यू घाबरून गप्प होते. दोन पिढ्यांपूर्वी जीव मुठीत धरून पळालेल्या माणसांना, आता गोऱ्यांच्या बाजूला मोजले जातोय तर कशाला डोकं वर काढा, असं वाटणं मी समजू शकते. १९६३-६४ च्या ज्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांना जन्मठेप झाली, त्यात पकडलेले गोरे आरोपी ज्यू होते, आणि सरकारी वकील पर्सी युटार, तेही ज्यूच. तेव्हा माणूस कुठल्या बाजूला उभा राहील ते जन्मावरून ठरत नाही.

सुझमनबाईंचं ठरलं ते कागद वाचून. हे मला फार आवडलं. १९४६ साली सरकारने शहरांतल्या काळ्या लोकांच्या प्रश्नावर फेगन आयोग नेमला. इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्सच्या वतीने आयोगापुढे मांडायची माहिती तयार करायचं काम बाईंकडे आलं. पास कायदे, राहण्याचे कायदे, कुणी कुठे काम करायचं त्याचे कायदे, सगळं त्यांना मुळातून वाचावं लागलं. काळ्या माणसाने शहरात यायचं तर खिशात पास हवा. पास नसला तर तुरुंग. नवऱ्याला शहरात नोकरी असली तरी बायकोला त्याच्याजवळ राहायची परवानगी असेलच असं नाही. बंगल्यात राहून हे दिसत नव्हतं अशातला भाग नाही, घरातल्या नोकराकडेही पास असायचाच. पण एकेक कलम वाचल्यावर माणसाचं आयुष्य त्यात कुठे कुठे अडकतं ते कळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर यूजर मॅन्युअल आणि सोर्स कोड वाचण्यातला फरक.

आयोगाने म्हटलं की शहरात आलेला काळा समाज आता इथलाच आहे, त्याला मागे लोटता येणार नाही. पण १९४८ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी जिंकली आणि अहवाल बाजूला पडला. बाई १९५३ ला युनायटेड पार्टी या विरोधी पक्षाकडून हाऊटनमधून निवडून आल्या. हा विरोधी पक्ष म्हणजे नावापुरताच विरोधी. शेवटी १९५९ मध्ये बाई आणि आणखी काही खासदार बाहेर पडले आणि त्यांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली.

१९६१ ला निवडणूक झाली आणि नव्या पक्षाचा धुव्वा उडाला. एकच जागा आली. हाऊटन. ५६४ मतांनी.

हा आकडा मी दोनदा वाचला. आमच्या सोसायटीत त्याहून जास्त लोक राहतात. ही ५६४ मतं तिकडे गेली असती तर पुढची तेरा वर्षं त्या पार्लमेंटमध्ये अपार्थाइडला तत्त्व म्हणून विरोध करणारा आवाजच उरला नसता. दीडशेच्या वर खासदार, त्यात या एकट्या. १९६१ ते १९७४. त्यातली काही वर्षं तर अख्ख्या सभागृहात त्या एकट्याच बाई होत्या.

आता प्रश्न असा की एकट्या माणसाने पार्लमेंटमध्ये करायचं काय? मतदान झालं की हरणार हे नक्की. बाईंच्या लक्षात आलं की आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. खासदाराला मंत्र्याला लेखी प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. आणि पार्लमेंटमध्ये जे बोललं जातं ते शब्दशः छापलं जातं.

हे किती मोठं होतं ते कळायला बाहेरची परिस्थिती बघावी लागेल. सरकारने ज्याच्यावर बंदी घातली आहे त्या माणसाचा एक शब्दही पेपरात छापणं गुन्हा. १९५९ च्या तुरुंग कायद्याप्रमाणे तुरुंगाबद्दल खोटी माहिती छापणं हाही गुन्हा, आणि आपण नीट खातरजमा केली होती हे सिद्ध करायचं ओझं पेपरवर. 'रँड डेली मेल'ने १९६५ मध्ये तुरुंगांतल्या हालांवर लेख छापले, तर संपादक आणि बातमीदार वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत बसले. पण तीच गोष्ट खासदार पार्लमेंटमध्ये बोलला, किंवा मंत्र्याने स्वतःच उत्तरात दिली, की पेपरांना ती छापता येत होती. विशेषाधिकार! म्हणजे सगळीकडे फायरवॉल, आणि एकच पोर्ट उघडा राहिलेला. बाईंनी तो पोर्ट तेरा वर्षं अहोरात्र वापरला.

पास कायद्याखाली या वर्षी किती लोकांवर खटले झाले? खटल्याशिवाय किती जण कोठडीत आहेत? किती जणांना फटके मारले? किती जणांना फाशी दिली? किती कुटुंबांना घरातून उठवून दुसरीकडे नेऊन टाकलं? कोठडीत किती मेले, आणि कशाने? वर्षाला शंभरावर प्रश्न. मंत्री चिडायचे, पण उत्तरं द्यायचे. पास कायद्याचे आकडे लाखांत असायचे. दुसऱ्या दिवशी ते पेपरात यायचे, इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्सच्या वार्षिक अहवालात जायचे, तिथून जगभर. सरकारविरुद्धचा पुरावा सरकारच्याच तोंडून, तोही सरकारी खर्चाने छापलेला. आपल्याकडे २००५ साली माहितीचा अधिकार आला तेव्हा लोकांना जे हत्यार मिळालं, ते तिथे एका बाईच्या हातात होतं.

एकदा मंत्री म्हणाले की परदेशात देशाची मान खाली जावी म्हणूनच तुम्ही हे प्रश्न विचारता. बाई म्हणाल्या, माझ्या प्रश्नांनी नाही हो, तुमच्या उत्तरांनी मान खाली जाते. हा त्यांचा सगळ्यात गाजलेला टोला. मला दुसरा जास्त आवडतो. एका बड्या नेत्याला त्यांनी सल्ला दिला होता की काळ्यांच्या वस्तीत एकदा जाऊन या, पण वेषांतर करून जा. माणसाचं.

आमच्या एका जुन्या प्रोजेक्टवर एक सीनियर बाई होत्या. रिलीजच्या आधी गो किंवा नो-गो विचारायचा कॉल असतो ना, त्यात सगळे गो म्हणाले तरी त्या शांतपणे म्हणायच्या, माझं नो-गो, कारणं मिनिट्समध्ये लिहा. रिलीज व्हायचाच. मॅनेजर वैतागायचा, इतकं असून लिहायचं कशाला? त्या म्हणायच्या, निर्णय तुमचा, नोंद माझी. सुझमनबाई वाचताना त्या सारख्या आठवत होत्या. अर्थात आमच्याकडे फार तर अप्रेझल बिघडतं.

सुझमनबाईंना काय काय सोसावं लागलं ते वेगळंच. फोन टॅप व्हायचा, तेव्हा बाईंनी एक कर्कश शिट्टी आणून ठेवली होती, ती फोनमध्ये जोरात फुंकायच्या. ऐकणाऱ्याच्या कानाचे पडदे! ६ सप्टेंबर १९६६ ला फेरवूर्टना भर सभागृहात भोसकलं. मारणारा पार्लमेंटचाच एक निरोप्या, त्सफेंडास. त्या गोंधळात पी. डब्ल्यू. बोथा, हेही पुढे पंतप्रधान, बाईंकडे बोट करून ओरडले की हे तुम्हीच केलंत, तुम्ही उदारमतवाद्यांनी, आता तुम्हाला बघून घेतो. खून झालेला माणूस काही फुटांवर पडलाय आणि मंत्री तुमच्याकडे बघून असं ओरडतोय. त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या मनात काय आलं असेल?

त्याच्या तीन वर्षं आधी, १९६३ मध्ये, नव्वद दिवसांचा कायदा आला होता. पोलिसांनी कुणालाही उचलावं आणि वकील नाही, कोर्ट नाही, नव्वद दिवस आत ठेवावं. नव्वद संपले की पुन्हा नव्वद. युनायटेड पार्टी, म्हणजे प्रमुख विरोधी पक्ष, सरकारच्या बाजूने गेला. विरोधात एकच नाव नोंदलं गेलं. त्याच कायद्यात रॉबर्ट सोबुक्वेंसाठी खास घातलेलं एक कलम होतं, शिक्षा संपली तरी त्यांना सोडायचं नाही असं. एका माणसाला डांबण्यासाठी केलेलं कलम, आणि ते दरवर्षी पार्लमेंटने पुढे वाढवायचं. दरवर्षी ते वाढत राहिलं आणि दरवर्षी बाईंनी विरोध केला. उपयोग? १९६९ पर्यंत सोबुक्वे रॉबेन बेटावरच होते.

आता रॉबेन बेटाचं. खासदार म्हणून तुरुंग बघायचा हक्क बाईंनी भांडून वापरला आणि १९६७ मध्ये त्या तिथे पोचल्या. कोठड्यांच्या ओळीत पहिल्याच कैद्याने, एडी डॅनियल्सने, सांगितलं की आमच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका, सरळ शेवटी मंडेलांकडे जा. बरोबर तुरुंग खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. त्यांच्यासमोरच मंडेलांनी एकेक तक्रार सांगितली. जेवण, कपडे, अभ्यासाची सोय, पेपर मिळत नाहीत. आणि एक वॉर्डर, ज्याच्या हातावर नाझी स्वस्तिक गोंदवलेलं आहे, तो कैद्यांना छळतो. लिथुएनियातल्या ज्यूंचं युद्धात काय झालं ते इथे सांगत बसत नाही. तिथलीच मुलगी कोठडीच्या गजाबाहेर उभी आहे आणि एक काळा कैदी तिला त्या स्वस्तिकाबद्दल सांगतोय, एवढंच डोळ्यांपुढे आणा. बाईंनी हे वरपर्यंत नेलं. थोड्याच दिवसांत त्या वॉर्डरची बेटावरून बदली झाली. एक बदली. बाहेरून बघणाऱ्याला क्षुल्लक, आत दगड फोडणाऱ्याला नाही. मंडेला ही भेट शेवटपर्यंत विसरले नाहीत.

इतकं सगळं झाल्यावर आता जे मला खटकलं ते. पार्लमेंट गोऱ्यांचं, मत देणारे गोरे. तिथे बसून, बघा आमच्याकडे विरोधी आवाजसुद्धा आहे असं सरकारला मिरवता आलं, आणि ते त्यांनी मिरवलंही. १९६८ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांनी एका पक्षात असायचं नाही असा कायदा झाला. लेखक अॅलन पेटन यांच्या लिबरल पक्षाने सांगितलं, असा पक्ष चालवण्यापेक्षा आम्ही बंद करतो, आणि बंद केला. प्रोग्रेसिव्ह पार्टी काळ्या सभासदांना सोडून देऊन चालू राहिली. शिवाय १९७८ पर्यंत या पक्षाची भूमिका सरसकट सगळ्यांना मत अशी नव्हतीच, शिक्षण किंवा मालमत्तेची अट होती. काळ्या तरुणांना ही मंडळी उपरी वाटली तर नवल नाही. मला विचाराल तर लिबरल पक्षाचा निर्णय जास्त स्वच्छ होता आणि बाईंचा जास्त उपयोगाचा. कोठडीतल्या माणसाला यातलं काय हवं असेल, याचं उत्तर मला मंडेलांच्या त्या तक्रारींच्या यादीत दिसतं. पण ज्याला घरातून उठवून लावलं, त्याच्याकडे मी हे बोलू शकणार नाही.

आर्थिक निर्बंधांच्या बाबतीत मात्र बाई चुकल्या असं माझं स्पष्ट मत आहे. निर्बंधांनी आधी काळ्या मजुराची नोकरी जाईल म्हणून त्यांनी ८० च्या दशकात निर्बंधांना विरोध केला. डेस्मंड टुटू निर्बंध मागत होते. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जं पुढे वाढवायला नकार दिला आणि सरकारच्या पायाखालची जमीन सरकली. बाबांच्या पासपोर्टवरची ती ओळही त्याच दबावाचा एक बारीकसा भाग होती. मजुरांच्या नोकऱ्या गेल्या हेही खरंच, बाईंचा हिशोब खोटा नव्हता. पण तो हिशोब मांडायचा हक्क मजुरांचा होता, आणि त्यांच्या संघटना काय म्हणत होत्या ते ऐकू येत होतं.

१९७४ ला पक्षाचे आणखी सहा जण निवडून आले आणि तेरा वर्षांचा एकांतवास संपला. बाई १९८९ पर्यंत खासदार राहिल्या आणि मग निवृत्त झाल्या. काही महिन्यांतच, ११ फेब्रुवारी १९९० ला, मंडेला सुटले. २६ एप्रिल १९९४ ला निवडणूक सुरू झाली तेव्हा ती घेणाऱ्या आयोगावर बाई होत्या. मतं पडली सुमारे १ कोटी ९७ लाख. १० डिसेंबर १९९६ ला मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली ती शार्पव्हिलला, जिथे १९६० मध्ये पोलिसांनी ६९ लोकांना गोळ्या घातल्या होत्या. तिथेही बाई हजर होत्या.

आणि मंडेला सुटल्यावर पुढे राहायला कुठे आले, तर हाऊटनला. जुन्या कायद्याने काळ्या माणसाला तिथे घर घेता आलं नसतं, नोकर म्हणून मागच्या खोलीत राहता आलं असतं. २०१३ मध्ये ते गेले तेही हाऊटनमधल्याच घरात. माझ्या गेस्ट हाउसपासून गाडीने पाच मिनिटं. ड्रायव्हरने घर दाखवलं, लोक बाहेर दगडांवर निरोप लिहून ठेवतात. सुझमनबाईंचं नाव घेतल्यावर त्याने आधी मान हलवली, मग म्हणाला, हो, ती म्हातारी, ती नव्या सरकारलाही सोडायची नाही.

ते खरंच आहे. एड्सच्या साथीत म्बेकींचं सरकार औषधं द्यायला टाळाटाळ करत होतं तेव्हा, आणि शेजारच्या झिम्बाब्वेत मुगाबे जे करत होते त्याकडे कानाडोळा होत होता तेव्हाही बाई जाहीरपणे बोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. पार्लमेंटमध्ये नसल्यामुळे मंत्र्यांवर उत्तर द्यायची सक्ती मात्र आता नव्हती. १ जानेवारी २००९ ला, ९१ व्या वर्षी, जोहान्सबर्गलाच त्या गेल्या.